त्रेपन्न महिने

लाल कापडी पाठीची वही,
पतसंस्थेतून निवृत्त होताना उरलेली.
पहिल्या पानावर मी लिहिलं: कालिंदी, खर्च.
जमेची बाजू कोरी सोडली, सवयीने.

मेट्रोच्या कामावर, चुनाभट्टीला,
ती पातळी मोजत होती.
वरून पाईप आला.
हेल्मेट दुभंगलं म्हणून डोकं पुरतं दुभंगलं नाही,
असं सर्जन म्हणाले, आनंदाची बातमी द्यावी तसं.
एकोणचाळीस दिवसांनी म्हणाले, घरी न्या, जीव वाचलाय.
वाचलेला जीव
डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघायचा.

विमा कंपनीचं पत्र दीड ओळीचं:
पुनर्वसन हा उपचार नव्हे.
मी ते पंच करून फायलीला लावलं.

मुलुंडचं सेंटर. दिवसाला साडेआठ हजार.
मेहुणा दत्ताराम म्हणाला,
"भावोजी, दोन आया ठेवा, पाळ्या लावा,
चौदाशेत दिवस निघतो. कशाला पाण्यात पैसे?"
तो वाईट माणूस नाही.
गुणाकार त्याचाही बरोबर होता.

विरारची खोली गेली. हिच्या पाटल्या गेल्या.

तिथे पाणीसुद्धा घट्ट करून देत, चमच्याने,
पातळ पाणी श्वासनलिकेत उतरतं म्हणून.
गिळणं शिकावं लागतं
हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.
फ्लोरीन नावाची मुलगी, वसईची,
तिला पलंगाच्या कडेला बसवायची
आणि सेकंद मोजायची.
चार. चार. सात. तीन.
लेव्हल लावणारी माझी पोर
स्वतःच्या मानेचा बुडबुडा
मध्यावर आणायला धडपडत होती.

शेजारच्या खाटेवर मुदस्सर, गोवंडीचा, एकोणीस वर्षांचा.
बाविसाव्या दिवशी त्याने अंगठा हलवला.
तेविसाव्या दिवशी त्यांचे पैसे संपले.
हिने आमचा पावडरीचा डबा
शकीलाबीच्या पिशवीत सरकवला, ते तेवढंच.
आता ती जरीकामाला जात नाही,
दर दोन तासांनी त्याची कूस बदलते. रात्रीही.
तिची बुडालेली मजुरी, त्याची कधीच न मिळणारी,
पुढची चाळीसेक वर्षं,
हे कुणाच्या वहीत घालायचं?
एकदा मी मागच्या पानावर मांडून पाहिलं.
आमच्या खर्चाहून ते पान मोठं निघालं.
तेविसाव्या दिवशी कुणी हे मांडलं असतं तर?
पण तिथे टेबलामागे
फक्त त्या दिवसाचं बिल होतं.

आमचे दीडशे दिवस. बारा लाख पंच्याहत्तर हजार.
आता सकाळची एकच बाई येते, सहाशेत.
महिन्याला चोवीस हजार वाचतात.
भागून पाहिलं: त्रेपन्न महिने, वर चार दिवस.
त्यानंतर सेंटर फुकटात पडलं असं म्हणता येईल.
दत्तारामला फोन करून सांगितलं.
तो म्हणाला, "हं."

बटणं लावते ती आता, अकरा मिनिटांत,
चौथं हमखास पाचव्या काजात.
आमटीची वाटी भिंतीवर मारते.
मयताच्या घरी हसली.
ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा
दिवाळीपर्यंत येत होता.
यातलं काही लिहिलेलं नाही. रकाना नाही.

काल संध्याकाळी मी बेरीज धरून बसलो होतो.
वॉकर ढकलत ती आली,
आकड्यांवर वाकडं बोट टेकवलं
आणि म्हणाली,
"चूक."
अपघातानंतरचा पहिला स्वच्छ शब्द.

मी तीनदा बेरीज केली.
वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून.
बरोबर होती.
ती बोट उचलत नव्हती.

हिशेबाच्या वहीत खोडायचं नसतं,
हे मी किती ज्युनिअर पोरांना शिकवलं.
स्वयंपाकघराकडे तोंड करून हिला विचारलं,
खोडरबर कुठे असतो गं आपल्याकडे?